दुसऱ्या दिवशीचा काटा

"दाबा मॅडम. असेल नसेल तेवढा जोर लावा. फक्त श्वास रोखू नका."

डॉक्टर काझींनी माझ्या उजव्या हातात ते यंत्र ठेवलं. सायकलच्या ब्रेकसारखी एक मूठ आणि तिला जोडलेली गोल तबकडी. मूठ आवळली की तबकडीवरचा काटा फिरतो आणि हातात किती जोर आहे ते कळतं. माझ्याआधी माझी मोठी जाऊ, बेबीताई, दाबून बसली होती. तिचा काटा जिथवर गेला तिथं डॉक्टरांनी पेन्सिलीनं खूण केली होती.

मी दाबलं. काटा बेबीताईच्या खुणेपाशी गेला, क्षणभर थांबला आणि पुढे सरकला.

"अव माय!" बेबीताई टाळी वाजवून म्हणाली, "पाहा डॉक्टर, पाहा! मी म्हणून राहिली होती ना? माझ्याहून जास्त जोर हाय हिच्यात!"

हरल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आणि मी तर खेळाची मास्तरीण. हरलेली माणसं पाहण्यातच माझा जन्म गेलेला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ज्या वर्षी चिकुनगुन्यानं आमच्या अमरावतीत घरटी एक माणूस खाटेवर पाडला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही हकिगत. आमच्या घरातून त्या तापानं मला निवडलं. ताप गेला, सांधे हळूहळू सुटले, पण थकवा काही जाईना. बरं, थकवा म्हणावं तर तो शब्दही तोकडा पडतो. थकवा मला चांगला ठाऊक होता. खो-खोचा सामना खेळून आल्यावर जो येतो तो थकवा, झोपलं की उतरतो. हा झोपून उठलं की वाढायचा. केस विंचरायला हात वर केला तर खांदा म्हणायचा, आता नको. चार ओळी वाचल्या की पाचवी ओळ डोक्यात शिरायची नाही. शाळेत मी रजा टाकली, ती संपली, बिनपगारी टाकली. कन्या शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकणाऱ्या मोहोड मॅडम भरदुपारी पांघरूण घेऊन पडलेल्या असायच्या.

डॉक्टर कमी केले नाहीत. रक्त तपासलं, थायरॉईड तपासलं, छातीचा फोटो काढला. सगळं नॉर्मल. एकानं विचारलं, घरी टेन्शन आहे का? दुसरे म्हणाले, मन रमवा. तिसऱ्यांनी तर कमाल केली. म्हणाले, "सकाळी थोडं फिरायला जात जा, व्यायामाची सवय लावून घ्या." मी व्यायाम शिकवूनच पोट भरते हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी मान हलवली आणि फी देऊन उठले.

एकत्र कुटुंबात आजारपण एकट्याचं नसतं. माझ्या वाटणीचा सकाळचा स्वयंपाक बेबीताईकडे गेला, धुणं तिच्याकडे गेलं, सासूबाईंची पथ्यं तिच्याकडे गेली. ती मूळची परतवाड्याकडची, शब्द तोंडात घोळवत बसायची सवय नाही. आधी तिनं खरोखर मनापासून केलं. मग कुरकुर सुरू झाली, आणि पुढे तिनं सरळ निकालच लावून टाकला. "नाचता येईना अन् अंगण वाकडं," हे ती स्वयंपाकघरातून म्हणायची, पण आवाज माझ्या खोलीपर्यंत येईल इतका. आमचे हे दोन्ही डगरींवर हात ठेवून होते. बायकोला म्हणायचे आराम कर, वहिनीला म्हणायचे तुमचंही बरोबर आहे.

अशात डॉक्टर काझींचं कळलं. एका मेडिकल कॉलेजात हे तरुण डॉक्टर तापानंतरच्या न जाणाऱ्या थकव्यावर संशोधन करत होते. अचलपूरचे, सडपातळ, बोलणं अदबीचं. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "थकता म्हणजे नेमकं काय होतं?" इतका साधा प्रश्न, पण तोपर्यंत कुणीही विचारला नव्हता. मी बोलत गेले आणि ते ऐकत गेले. शेवटी ते म्हणाले, "याला जगात क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात. औषध माझ्याकडे नाही, आधीच सांगतो. पण शरीरात खरंच काही बिघडतं का, ते मोजून पाहता येतं का, एवढं मला शोधायचंय. तुम्ही याल?"

मला काय झालंय याचं मला विलक्षण कुतूहल होतं. दुखणं माझं, शरीर माझं, आणि आत काय चाललंय ते मलाच दिसत नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

अट एवढीच की प्रत्येक आजारी माणसानं सोबत एक धडधाकट जोडीदार आणायचा. बाईसोबत बाई, साधारण त्याच वयाची, शक्यतो त्याच घरातली, म्हणजे खाणंपिणं सारखं. आमच्या घरात अशी एकच होती.

"क्रॉनिक काय?" बेबीताईनं विचारलं होतं.

"फटीग. म्हणजे थकवा."

"थकवा तर मलेही येते बाप्पा. माझ्या थकव्याले इंग्रजी नाव नाही म्हणून कोणी पाहत नाही." मग पोळपाट बाजूला सारून ती म्हणाली, "येते मी. पण एक गोष्ट आधी ठरव. डॉक्टरनं सांगितलं का तुले कायतरी हाय, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. अन् काही नाही निघालं, तर पुढच्या महिन्यापासून सकाळचा स्वयंपाक तुझा, अन् शाळेतही जायचं. मंजूर?"

सासूबाई ऐकत होत्या, हेही ऐकत होते. मी म्हटलं, मंजूर.

म्हणून तो काटा पुढे गेला तेव्हा मला पुढच्या महिन्याचा स्वयंपाक दिसायला लागला.

त्या दिवशी आत जायच्या आधी बाहेरच्या बाकावर आणखी एक आजारी गृहस्थ भेटले होते. तायडे सर, गणिताच्या शिकवण्या घेणारे. कडक इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, कानात अत्तराचा फाया. त्यांच्याकडे पाहून कुणीही म्हणालं असतं, हे नवरदेवाचे मामा असावेत.

"तुम्ही अगदी ताजेतवाने दिसता," मी म्हटलं.

"दिसणारच!" ते हसत म्हणाले, "आज यायचं म्हणून रविवारपासून पाठ उचलली नाही अंथरुणावरून. डॉक्टरांकडे यायचं, जिना चढायचा, प्रश्नांची उत्तरं द्यायची. शक्ती साठवून आणावी लागते. तुम्ही?"

"मीही तेच केलं."

खरंच केलं होतं. आठवडाभर मी काडी इकडची तिकडे केली नव्हती. आदल्या दिवशी बेबीताईच्या भाचीकडून केस धुऊन घेतले होते. कोऱ्या घडीची साडी, मानेला पावडर, कपाळावर नीट टिकली. चार माणसांत जायचं तर माणसासारखं जायचं, हे आईनं शिकवलेलं. त्यातून दवाखाना म्हणजे तर परकी माणसं. अवतारात गेलं तर ती काय म्हणतील? आम्ही दोघंही आपल्या हुशारीवर खूश होऊन हसलो आणि आत गेलो.

घरी परतल्यावर व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी मी उठले ती भिंत धरून. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेवढंही जमलं नाही. बेबीताई दारात येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिली आणि काही न बोलता निघून गेली. तिचं न बोलणं मला जास्त लागलं.

पंधरवड्यानं निकाल ऐकायला डॉक्टरांनी बोलावलं. मी पुन्हा आराम केला, पुन्हा साडी नेसले, पुन्हा आम्ही दोघी गेलो.

डॉक्टर काझींचा चेहरा उतरला होता. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला. वाईट बातमी सांगणारा माणूस आधी चहा मागवतो हे मी शाळेच्या हेडमास्तरांकडून शिकले होते.

"मॅडम, पहिल्या तुकडीचे आकडे जुळवले," ते म्हणाले. "आजारी माणसं आणि त्यांचे जोडीदार, दोन्हींत काही फरकच नाही. मुठीत नाही, जिना चढण्यात नाही. काही आजारी तर जोडीदारांपेक्षा सरस निघाले. तुमच्यासारखे. आमचे मोठे सर म्हणतात, फरकच नसेल तर मोजायचं काय? बहुतेक हे काम बंद करावं लागेल."

"म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"मी असं म्हणत नाही. माझ्या यंत्राला काही दिसलं नाही, एवढंच म्हणतो."

तो माणूस सज्जन होता म्हणून शब्द जपून वापरत होता. पण बेबीताईला हवं ते मिळालं होतं.

"झालं मग," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "एक तारखेपासून कणीक तुझी."

  डोळ्यांपुढे पहाटेचं स्वयंपाकघर आलं, पोळ्यांची चळत आली, त्यानंतर शाळेचं मैदान आलं. मला रडू येत होतं, पण ते परक्याच्या खोलीत यायला नको होतं. मी चहाच्या कपाकडे पाहत बसले.

बेबीताई उठायला म्हणून पुढे सरकली आणि तिथंच थांबली. तिच्या मनात काहीतरी अडलेलं होतं, आणि अडलेलं गिळायची तिला सवय नव्हती.

"मले एक सांगा डॉक्टर," ती म्हणाली, "तुम्ही शिकलेले आहा म्हणून इचारते. ही इथं येऊन मुठी आवळते, जिने चढते, तुमच्याशी गोड गोड बोलते. अन् घरी गेली की मेल्यासारखी पडून राहते. हे काऊन? तुमच्यासमोर हिले हुरूप येते अन् आमच्यासमोर मरगळ? आम्ही काय घोडं मारलं हिचं?"

"घरी गेल्यावर म्हणजे कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी! त्या दिवशी काही नाही. संध्याकाळी आली, हात-पाय धुतले, जेवली. मी म्हटलं, चला, सुधारली. दुसऱ्या दिवशी पाहते तर भिंत धरून चालून राहिली. बरं, मी तरी काय म्हणू? हिनंच कणीक घेतली मळायला, लाजेकाजेनं. जरा वेळानं जाऊन पाहिलं, तर हात परातीतच. मळणं नाही, काढणं नाही, नुसती बसलेली. तिसऱ्या दिवशी तर हिची वेणीही मीच घातली. बोलली तर अर्धं वाक्य, पुढचं गायब. चौथ्या दिवशी डाळ-भात मीच खोलीत नेऊन दिला अन् ताटही मीच आणलं. मंग हळूहळू वर. दर वेळेस हेच. लग्नाले गेली, पडली. बँकेत गेली, पडली. त्या दिवशी नाही पडत, लक्षात घ्या, दुसऱ्या दिवशी पडते! नाटक करायचंच तर त्याच दिवशी करावं ना माणसानं? हे कोणतं नाटक, दुसऱ्या दिवशीचं?"

ती तक्रार करत होती. तिचा सगळा राग त्या बोलण्यात होता. आणि मी थक्क होऊन ऐकत होते. माझ्या आजारपणावर इतकी बारीक नजर ना माझ्या नवऱ्यानं ठेवली होती, ना एकाही डॉक्टरनं, ना मी स्वतः. ज्याच्यावर संशय असतो त्याच्यावरची नजर हलत नाही, हेच खरं.

डॉक्टर काझी खुर्चीत पुढे सरकले. "ताई, हे परत सांगता? पहिल्यापासून?"

"काऊन? खोटं वाटून राहिलं?"

"नाही हो. खरं वाटतंय म्हणूनच."

तिनं परत सांगितलं. मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही मला हे का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं, आज कसं वाटतंय. आज बरंच वाटत होतं. आठवडाभर झोपून आले होते मी."

"झोपून?"

"मग? तुमच्याकडे यायचं होतं ना."

त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला सांगता येणार नाही. आधी त्यांना समजलं नाही, मग समजलं, आणि मग ते इतक्या मोकळेपणानं हसले की बेबीताई दचकली. "आणि ते तायडे सर? तेही झोपून आले होते?"

"रविवारपासून. अत्तरसुद्धा लावलं होतं."

"या अल्लाह," ते डोक्याला हात लावून म्हणाले. "म्हणजे सगळ्यांनी उसनं अवसान आणलं आणि मी ते मोजत बसलो. त्याची परतफेड तुम्ही घरी करत होता, आणि तिथं माझं यंत्र नव्हतं."

 मग त्यांनी आकड्यांचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर दोन रकाने आखले. शेवटी म्हणाले, "करून पाहता येईल. एका दिवशी मोजायचं, थोडे श्रम करवायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत मोजायचं. आधी आराम नाही. पण मॅडम, ताई म्हणतात ते खरं असेल, तर मी तुम्हाला मुद्दाम आजारी पाडणार. किती दिवस पडून राहाल सांगता येत नाही. मिळणार काय, तर एक आकडा. तुमच्या जागी माझी बहीण असती तर मी तिला नको म्हटलं असतं."

 बेबीताईनं माझ्याकडे पाहिलं.

मी विचार केला असं म्हणणं खोटं ठरेल. मला फक्त पाहायचं होतं. दुसऱ्या दिवशी तो काटा कुठवर जातो? आदल्या दिवशी जातो तिथंच जातो की नाही? लहानपणी विहिरीत वाकून पाहिल्याबद्दल मी पुष्कळदा मार खाल्ला होता, ती खोड अजून गेलेली नव्हती.

"मी येईन," मी म्हटलं.

"मीही येते," बेबीताई म्हणाली. "दोन्ही दिवस. अन् कणकेचं तवर थांबलं."

ठरल्या दिवशी मी आराम न करता गेले. सकाळी भाजी चिरली, सासूबाईंना अंघोळीचं पाणी दिलं, मग निघाले. दवाखान्यात आम्ही दोघींनी मुठी आवळल्या. मग जागच्या जागी चालवायची सायकल होती, ती डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत चालवली. बेबीताई आयुष्यात पहिल्यांदा सायकलवर बसत होती. पदर खोचून, दात आवळून तिनं पायडल मारलं आणि उतरल्यावर म्हणाली, "हे कुठंच नाही गेलं बाप्पा, अन् घाम तर चांदूरबाजारपर्यंत जाऊन आल्यासारखा!" काटा माझा चांगला होता, तिच्याहून किंचित सरस. संध्याकाळी घरी आम्ही दोघी एकत्र जेवलो. ती माझ्याकडे चोरून पाहत होती आणि मी तिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोळे उघडले आणि कळलं की आलं. आता हे कसं सांगू? अंगावर कुणी ओली गोधडी टाकलेली असावी आणि ती काढायला हातही त्याच गोधडीखाली असावेत, तसं काहीतरी. बेबीताई आत आली.

"चाल," ती म्हणाली.

"साडी..."

"असू दे साडी."

"केस तरी..."

"काही करायचं नाही. डॉक्टरनं सांगितलं ना, हाय तशी आण."

मी घरात नेसायच्या चुरगळलेल्या साडीत, विस्कटलेल्या वेणीनं, बिनटिकलीची रिक्षात बसले. खेळाच्या मास्तरणीनं मैदानात कधी मळका बूट घातला नव्हता. गल्लीतल्या बायका पाहत होत्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दवाखान्याच्या जिन्यावर दोनदा बसावं लागलं. बेबीताई काखेत हात घालून मला वर नेत होती, आणि प्रथमच तिचा हात ओढत नव्हता, धरून होता.

डॉक्टरांनी आधी तिला यंत्र दिलं. तिचा काटा कालच्याच खुणेवर आला. अगदी तिथंच.

मग माझी पाळी आली. मी दाबलं. खरं सांगते, जीव खाऊन दाबलं. काटा हलला, थोडा चढला आणि कालच्या खुणेच्या पुष्कळ अलीकडे दमून उभा राहिला.

 पहिल्या खेपेला हरून टाळ्या वाजवणारी बेबीताई आज जिंकली होती आणि तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"परत," डॉक्टर हळूच म्हणाले. "तीनदा घ्यावं लागतं."

मी परत दाबलं. काटा आणखी अलीकडे थांबला. मूठ बोटांतून निसटायला लागली.

"पुरे!" बेबीताई एकदम उठली. तिनं माझ्या हातातून यंत्र काढून घ्यायला हात घातला. "पुरे झालं डॉक्टर. लिंबू हाय का ती पिळाले? दिसलं ना तुम्हाले? दिसलं मलेही. लिहा तुमच्या कागदावर. चाल वं, घरी चाल."

"ताई बरोबर म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "आपण थांबू."

"नाही," मी म्हटलं. "तिसरं राहिलंय."

"काय करतं तिसरं?" बेबीताईचा आवाज चिरकला.

"मला पाहायचंय."

तिनं यंत्र सोडलं. मी दोन्ही पाय जमिनीवर टेकले आणि मूठ आवळली. काटा जेमतेम हलला. शाळेतल्या पाचवीच्या मुलीनं याहून जास्त दाबलं असतं.

आणि मला हसू फुटलं. आधी हसू, मग रडू, मग दोन्ही एकदम. डॉक्टर घाबरले, त्यांनी नाडी धरली. बेबीताई माझ्यासमोर खाली बसली.

"हसून काऊन राहिली वं? काय झालं?"

"ताई, खरं आहे हे."

"काय खरं हाय?"

"हा आजार." मला शब्द सापडत नव्हते, एकेक शोधून आणावा लागत होता. "मला... मला वाटायचं, मीच करते. मुद्दाम. तुम्ही म्हणायच्या ना नाटक... मलाही तेच वाटायचं. पडल्या पडल्या रोज वाटायचं, ऊठ गं, उठून तर पाहा, आळशी कुठली. मला कुणाला दाखवायचं नव्हतं ताई. मलाच पाहायचं होतं."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. माझं जळत होतं आणि मलाच कळत नव्हतं. त्या पडलेल्या काट्यानं मला पहिल्यांदा सांगितलं की बाई, तू खोटी नाहीस. आयुष्यभर मी जिंकायला शिकले आणि शिकवलं. हरल्याचा असा आनंद मला त्या दिवसाआधी कधी झाला नाही, पुढेही नाही.

 बेबीताईनं पदरानं आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे. "मले तर तसंच वाटे," ती म्हणाली. "पण तुले पण वाटे हे मले काय माहीत?"

मग ती डॉक्टरांकडे वळली. "यावर औषध?"

"नाही ताई. अजून नाही."

"काहीच नाही?"

"थकायच्या आधी थांबायचं. अंगात आहे तेवढंच खर्चायचं, उसनं आणायचं नाही. आज तरी मी एवढंच सांगू शकतो. पण आता काम बंद होणार नाही. सगळ्यांना दुसऱ्या दिवशी परत बोलावणार आहे. तायडे सरांना अत्तराशिवाय."

मला उठून उभं राहायला वेळ लागला. बेबीताईनं मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि रिक्षा पाहायला निघाली.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक सासू नि तिची सून बसल्या होत्या. त्यांचा नंबर यायचा होता. सून विशीबाविशीची, चापूनचोपून साडी नेसलेली, ओठांना हलकी लाली, पाठ ताठ. सासू शेजारच्या बाईला मोठ्यानं सांगत होती, "पाहा ना, आहे का हिला काही? टामटूम करून आली. घरी असली की लोळते नुसती. फुकट डॉक्टरचा वेळ."

पोरगी खाली मान घालून नखांकडे पाहत होती.

जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलेली बेबीताई परत वर आली. बाकावर जागा करून घेत ती त्या सासूच्या शेजारी टेकली.

"आज नका पाहू हिले, बाई," ती म्हणाली. "उद्या पाहा."

"उद्या काय आहे?" सासूनं विचारलं.

"उद्या हिले घरी झोपलेली पाहाल ना, तर दारातून पाहू नका. आत जाऊन वेणी घालून द्या तिची."

पोरीनं मान वर केली. बेबीताईनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ती माझ्यासाठी रिक्षा आणायला खाली गेली.